आत्याची सुई

आमच्या आत्याकडे एक सुई होती. तशा सुया घरोघर असतात, पण ही शिवणाची नव्हती, पोरी पारखायची होती. लाकडी डबीत कापसात गुंडाळून ठेवलेली, नेढं इतकं बारीक की त्यातून दोरा जाताना अडायचा. टेंभुर्णीत आणि आसपासच्या गावांत सून बघायला निघालेलं घर आधी आमच्या आत्याला गाडीत बसवायचं. मुलीला चालवून बघणं, ज्वारी निवडायला लावणं, एवढं तर सगळेच करायचे. आत्या मुलीला उंबऱ्यावर बसवायची, तोंड घराच्या आत, अंधाराकडे, आणि हातात ही सुई आणि काळा दोरा द्यायची. उजेडाकडे पाठ करून ओवली तर डोळे खणखणीत. दोनदा दोरा चुकला की आत्या चहाला हात न लावता उठायची, आणि तिच्यामागे सगळी मंडळी उठायची.

आत्या फार लवकर विधवा होऊन माहेरी आली होती. माझी आई मी लहान असतानाच गेली, तेव्हापासून घर आत्याच्या हाताखाली. वडील पाच माणसांत बसणारे. बाहेर त्यांचा शब्द चाले आणि घरात हिचा. मी गावातल्या सरकारी मदरशात मास्तर होतो. निजामाचं राज्य, शिक्षण सगळं उर्दूत, त्यामुळे मी पोरांना उर्दूत शिकवायचो आणि मराठीत रागवायचो. गावात चार माणसं मला शहाणा समजत. त्या चारांत मी स्वतः एक होतो.

मोठं युद्ध संपलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. मुलगी अंबड तालुक्यातली, वडीगोद्रीच्या बाजूची. एवढ्या लांबची सोयरीक आमच्यात कोणी करत नव्हतं, पण मध्यस्थानं फार नावाजली म्हणून आत्या दोन दिवस गाडीत हाडं खिळखिळी करून घेत तिथं गेली. परत आली ती खूश. पोरीनं सुई पहिल्या झटक्यात ओवली, आणि वर आत्यालाच विचारलं की याच्याहून बारीक दुसरी आहे का. आत्याला तो आगाऊपणा वाटला आणि मनातून आवडलाही. ती हे सगळ्यांना सांगत सुटली. मी मुलगी पाहिली ती थेट अंतरपाट खाली आल्यावर.

टेंभुर्णीहून वडीगोद्रीला जायचं तर वाटेत जालना लागतं. तिकडून इकडे यायचं तरी जालनाच लागतं. त्या काळी आमच्या मुलखातला मोठा दवाखाना म्हणजे जालन्याचा. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण आमच्यापैकी कोणी ठेवली नाही.

हळदीच्या दिवशी तिला पहाटे ओल्या केसांनी बराच वेळ ताटकळत ठेवलं होतं, तिथं सर्दी धरली. आमच्या घरात पाऊल टाकलं ते नाक गच्च घेऊनच. नवी नवरी शिंकली की बायका हसतात, म्हणून ती पदर तोंडात कोंबून शिंकायची. लांबचं माहेर म्हणून परतणी आखाडावर ढकललेली होती, तेव्हा सांगायला जवळचं माणूसही नव्हतं. नवरा होता, पण नव्या नवरीनं नवऱ्याशी दिवसाउजेडी बोलायची पद्धत नव्हती, आणि मला ती पद्धत मोडावीशी वाटली नाही.

तिसऱ्या आठवड्यात डोकं धरलं. कपाळ नव्हे, टाळूच्या खाली आणि डोळ्यांच्या पाठीमागे, खोल कुठं तरी. वाकलं की डोळे बाहेर पडतील असं वाटतं, असं तिनं आत्याला सांगितलं. आत्यानं सुंठ उगाळून कपाळाला लेप दिला. घशात मागून सारखं काही तरी घाण उतरायचं, त्यामुळे तिला जेवण जात नव्हतं. शेजारच्या बायकांनी त्याचा भलताच अर्थ काढून हसून घेतलं आणि मीही ओट्यावर बसून मनातल्या मनात हसलो.

मग तिच्या हातून चुका व्हायला लागल्या. वडिलांच्या पाटाशी पाण्याचा तांब्या ठेवायला वाकली आणि तांब्या ठेवण्याआधीच हातातून सोडला. वाढताना भाजी ताटाच्या काठावर पडली. पुढे कळलं की तिला त्या दिवसांत एकाची दोन ताटं दिसत होती आणि त्यातलं खरं कोणतं हे ती अंदाजानं ठरवत होती. डाव्या डोळ्याची पापणी थोडी लोंबायची. आत्या म्हणायची, पोर झोपाळू आहे.

एके दिवशी सकाळी सूप घेऊन बाहेर येताना ती डाव्या बाजूनं चौकटीवर धाडकन आदळली. सूपभर ज्वारी अंगणात सांडली. आत्या कुठलीही गोष्ट दोनदा बघून सोडणारी नव्हती आणि ही तिसरी वेळ होती. तिनं हिला अंगणात उन्हात उभं केलं, उजव्या डोळ्यावर आपला तळवा दाबून धरला आणि दुसऱ्या हातात झारा घेऊन विचारलं की माझ्या हातात काय आहे. हिनं मान इकडेतिकडे फिरवली.

"हात कुठं हाये?" तिनं विचारलं.

मी ओट्यावर होतो. हे शब्द मी ऐकले.

डोळा बाहेरून अगदी नितळ होता. लाली नाही, पाणी नाही, फूल नाही. आम्हाला माहीत होते ते डोळ्याचे रोग बाहेरून दिसणारे. डोळे येतात, फूल पडतं, म्हातारपणी मोतीबिंदू होतो. प्रत्येकाची काही तरी खूण असते. वर खूण नाही आणि आत उजेड नाही, म्हणजे डोळा जन्माचाच अधू, असं आम्ही तासाभरात ठरवून टाकलं. जन्माचा अधू म्हणजे व्याह्यांना माहीत होतं. माहीत होतं म्हणजे आम्हाला फसवलं. इतकं सरळ गणित मी शाळेतही कधी मांडलं नव्हतं.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते आत्याच्या. तिच्या सुईनं पास केलेली पोर एकडोळी निघाली, हे दहा गावांत व्हायचं. ती दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी तिनं निकाल दिला की पोरीनं दोरा डोळ्यानं ओवलाच नसणार. शिंप्यांच्या म्हाताऱ्या बाया नेढं जिभेला लावून अंदाजानं ओवतात, तसा ओवला असणार. हिनं एकदाच मान हलवून नाही म्हटलं. सुनेचं नाही कोण ऐकतो.

आमच्याकडे अशा वेळची एक रीत होती. कुठं लिहिलेली नव्हती, पण सगळ्यांना पाठ होती. सोयरिकीत खोट निघाली तर दोन्हीकडच्यांची बैठक होईपर्यंत पोरीला औषधपाण्याला न्यायचं नाही. सासरच्यांनी नेलं तर दुखणं त्यांच्या घरचं, त्यांनी ते पदरात घेतलं. बापानं नेलं तर खोट आधीचीच होती हे त्यानं कबूल केलं. जो आधी औषध देईल तो हरला. आज सांगताना हे वेडगळ वाटतं. तेव्हा मला वाटलं नाही, उलट बराबर वाटलं. मी शिकलेला होतो, म्हणून मी तिला मनात पुराव्याचा कायदा असं नाव दिलं आणि निश्चिंत झालो.

मध्यस्थाला वडीगोद्रीकडे धाडलं. तो गेला जालन्यावरून आणि आला जालन्यावरून; चार दिवस मोडले. व्याह्यांचा निरोप असा, की पोर मी साबूत दिली, तुमच्या बाईनं पारखून घेतली, आता तिकडे काय झालं ते तिकडच्यांनी बघावं. दवाखान्यात न्यायची तर खुशाल न्या. त्यातल्या खुशाल या शब्दात वडिलांना सापळा दिसला. त्यांनी उलट निरोप धाडला की बैठक घ्या. आमच्या गावात यायला ते तयार नव्हते आणि त्यांच्या गावात जायला आम्ही. शेवटी दोघांना सोयीचं म्हणून जालना ठरलं, एका ओळखीच्या कापूस व्यापाऱ्याच्या आवारात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात. आमची तर आग टेंभुर्णीत, बंब जालन्यात, आणि आम्ही जालन्याला निघालो होतो ते भांडण घेऊन.

त्या दिवसांत तिचं काय चाललं होतं ते मला आता दिसतं. तिला बारीक ताप होता. पडून राहिली तर सोंग करते म्हणायचे, उठून कामाला लागली तर बघा, धडधाकट आहे म्हणायचे. तिनं उठून कामाला लागणं पत्करलं. भिंतीला हात लावत चालायची. चुलीशी बसली की मान ताठ ठेवायची, वळायचं तर सगळं अंग वळवायची. मला वाटलं, तोऱ्यात आहे.

बैठकीच्या दोन दिवस आधी, दुपारी, आत्या जरा लवंडली होती. मी जेवून अंगणात हात धुवायला गेलो. ती तांब्या घेऊन आली आणि पाणी माझ्या हातावर न पडता मनगटावर, बाहीवर पडलं. मी काही बोलायच्या आतच तिनं सांगितलं.

"उजव्यानंबी धुरकट दिसून राह्यलं. कालपासनं."

मी विचारलं, आत्याला सांगितलंस का.

"न्हाई. तुम्हाला सांगून राह्यले."

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते मी इथं जसंच्या तसं लिहितो, कारण नाही तर या लिहिण्याला अर्थ नाही. पहिलं मनात आलं की ही खोटं बोलते, कीव यावी म्हणून. दुसरं मनात आलं की खोटं नसेल आणि मी हे घरात सांगितलं, तर वडिलांना आजच गाडी जुंपावी लागेल, आणि मग दवाखान्यात आम्ही नेली असं होईल. आमची बाजू पडेल. दोन दिवसांचाच प्रश्न होता.

"दोन दिवस थांब," मी म्हणालो. "बैठक होऊ दे, मंग बघू."

तिनं तांब्या घेतला आणि एका हातानं भिंत चाचपत आत गेली. मी मूग गिळून बसलो. त्या दिवशी शाळेत पोरांना मी काय शिकवलं ते आठवत नाही. एकाला पाटीवर वेडंवाकडं लिहिलं म्हणून मारलं तेवढं आठवतं. या गोष्टीची लाज मला आजही वाटते, आणि वय झालं म्हणून ती कमी झालेली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच गाडी जुंपली. वडील पुढे, मी मागे पाय सोडून, मध्ये आत्या आणि ती. सुईची डबी आत्याच्या कमरेला. उन्हाळ्यातली वाट, वर आलेले दगड, चाक दगडावर चढून उतरलं की ती दातावर दात दाबायची. आवाज करत नव्हती. एकदा आत्यानं तिला पाणी दिलं तर तिचा हात भांड्याच्या बाजूनं गेला. आत्या तो हात बघत राहिली. त्यानंतर जालना येईपर्यंत तिची बडबड बंद झाली होती.

मुक्काम ओळखीच्यांकडे केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापाऱ्याच्या आवारात जाजम अंथरलं गेलं. एका बाजूला आमची चार माणसं, त्यांत जालन्यात येऊन मिळालेले भावकीतले दोघं, दुसऱ्या बाजूला त्यांची चार, मध्ये मध्यस्थ. आवाराचं फाटक उघडं होतं आणि रस्त्याच्या पलीकडे दवाखान्याचं फाटक. तिथं माणसं बाजेवर घालून, पाठीवर घेऊन येत होती. आम्ही सगळे त्या फाटकाकडे पाठ करून बसलो, कारण उन्हाची तिरीप तिकडून येत होती.

तिचे वडील आले तेव्हा ती समोरच बसली होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. पोर रागावली, असं समजून त्यांनी मान खाली घातली. तिला ते दिसलेच नव्हते, हे तेव्हा आवारात फक्त दोघांना माहीत होतं. एक ती आणि दुसरा मी. अजून सांगता आलं असतं. मी जाजमाचा धागा उसकटत बसलो.

बोलणी सुरू झाली तीच वरच्या पट्टीत. वडील म्हणाले, एकडोळी गळ्यात मारली. व्याही म्हणाले, चांगल्या पोरीचं तुम्ही वाटोळं केलं. कोण लग्नात काय बोललं होतं, कोणी कोणाला कसं पाहिलं होतं, सगळं निघालं. शेवटी मध्यस्थानं तोड काढली की ज्या बाईनं तेव्हा पारख केली तिनंच आज पाच माणसांसमोर करावी. सुई ओवली गेली तर एक बाजू खोटी, नाही गेली तर दुसरी.

आत्या उठली. कापसाच्या वखारीचा उंबरा होता, त्यावर तिनं हिला बसवलं, तोंड आत अंधाराकडे, तेव्हा बसवलं होतं तसंच. डबी उघडली. सुई तळहातावर ठेवून हात पुढे केला. सगळे माना उंचावून बघायला लागले.

तिची बोटं हवेत आली आणि थांबली. मग आत्याच्या मनगटाला लागली, मनगटावरून तळहातावर सरकली, आणि सुईच्या शेजारून दोनदा फिरली.

"सुई दिसून न्हाई राह्यली," ती म्हणाली. "तुमचा हातबी न्हाई."

आमच्या बाजूचा एकजण लगेच म्हणाला की बघा, तेव्हाही असंच असणार. त्यांच्या बाजूचा म्हणाला की पोरीला पढवून आणलंय. तिचे वडील अर्धे उठले आणि तसेच वाकलेले राहिले. मी मात्र आत्याकडे बघत होतो. ती हिच्यासमोर मातीत मांडी घालून बसली होती.

"म्या पहिल्यांदा आल्ते तवा तू मला काय इचारलं होतं?" आत्यानं विचारलं.

"याच्याहून बारीक हाये का, म्हणून."

आत्यानं सुई परत डबीत ठेवली, डबी कमरेला खोचली आणि उठली.

"ही सुई आजवर खोटी पडली न्हाई," ती पाच माणसांना म्हणाली. "पोरीला तवा दिसत होतं. आता दिसत न्हाई. दुखणं आपल्या घरी आलंय. तुम्ही बसा."

तिनं हिचं मनगट धरलं आणि चालायला लागली. फाटकातून बाहेर, रस्ता ओलांडून, समोरच्या फाटकात. पुढे कित्येकांना मी असं सांगितलं की मीच तिला उचलून दवाखान्यात नेलं. ते खोटं आहे. नेलं आत्यानं, आणि तेही आपल्या सुईचा मान राखायला असेल, पण नेलं. मी वहाणा शोधत मागून गेलो.

तिथं एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आधी भांडण ऐकून घ्यायला साफ नकार दिला, आणि वडिलांना एवढ्या सहज गप्प बसवणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यांनी हातातल्या बत्तीचा उजेड तिच्या डोळ्यांवर पाडला. उजेड पडला की डोळ्याची बाहुली बारीक होते. डावी झाली नाही. डोकं न हलवता डावीकडे बघ म्हणाल्या, तर डावा डोळा नाकाशीच अडकून राहिला. मग जीभ दाबून घशात पाहिलं. डोकं कुठं दुखतं म्हणून विचारलं, तर तिनं बोट टाळूच्या मधोमध ठेवलं. सर्दी कधीपासून, तर म्हणाली हळदीपासून.

बाईंनी आम्हाला सोप्या शब्दांत सांगितलं. नाकाच्या पार मागे, डोक्याच्या मध्यावर, हाडात एक पोकळी असते, सुपारीएवढी. सर्दी तिथं जाऊन पिकली आणि पू कोंडला. दोन्ही डोळ्यांच्या शिरा त्या पोकळीच्या भिंतीला खेटून मेंदूकडे जातात, आणि ती भिंत कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ असते. डोळ्याला बाहेरून काही होत नाही, म्हणून तो चांगला दिसतो. मान ताठ व्हायला लागली आहे, आता हे मेंदूत उतरायच्या बेतात आहे, असंही त्या म्हणाल्या.

"डावा जाऊन किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

वडिलांनी आणि व्याह्यांनी एकाच वेळी अकरा म्हटलं. त्या सगळ्या प्रकरणात दोघांचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट.

बाईंनी बत्ती खाली ठेवली. पहिल्या दोन-तीन दिवसांत आणली असती तर आशा होती, म्हणाल्या. आता डाव्याचं बोलू नका. मग त्यांनी उजव्याचं विचारलं. वडील म्हणाले, उजवा चांगला होता, आज सकाळीच कळलं.

"तीन दिवस झाले," ती म्हणाली. "ह्यायला सांगितलं होतं म्या."

आवाज चढवून नाही, तक्रार म्हणूनही नाही. विचारलं म्हणून सांगितलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, त्या भांडी उकळायला सांगत होत्या. पण वडिलांनी पाहिलं. तिच्या वडिलांनी पाहिलं. आत्यानं पाहिलं, आणि तिनं नजर काढून घेतली ती पुढे बरेच महिने माझ्याकडे नीट वळवली नाही.

नाकातून आत वाट करून पू काढायचा होता. त्यात जीवाला धोका होता आणि कागदावर सही हवी होती. दोघे बाप एकमेकांकडे बघायला लागले. तिथंही तीच रीत, जो सही करेल तो हरला. मी कागद ओढून घेतला आणि उर्दूत सही केली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. तरी केली एवढं सांगतो.

आधी नाकात औषधाच्या वाती भरून ठेवल्या, मग बारीक नळी घातली. तिला खुर्चीवर बसवून दोन बायांनी डोकं धरलं होतं. मी दाराशी होतो. एनॅमलच्या भांड्यात जे पडलं त्याचा वास ओसरीपर्यंत आला, आणि तिचे वडील बाहेर जाऊन भिंतीला पाठ लावून खाली बसले. थोड्या वेळानं माझे वडील गेले आणि त्यांच्या शेजारी बसले. एकानं पानतंबाखूची चंची काढली आणि दुसऱ्यासमोर धरली.

सल्फाच्या गोळ्या सुरू झाल्या. शिवाय लष्कराकडून शिल्लक राहिलेलं एक नवं इंजेक्शन होतं, ते दर तीन तासांनी टोचायचं. बाईंनी पुन्हा पुन्हा बजावलं की एकही वेळ चुकायची नाही. मी व्हरांड्यातल्या घड्याळासमोर ठाण मांडलं. काटा जागेवर आला की नर्सच्या दाराशी जाऊन उभा राहायचो. ती एकदा वैतागून म्हणाली की मास्तर, घड्याळ आम्हालाही कळतं. मी म्हणालो कळत असेल, आणि तिथंच उभा राहिलो.

रोज सकाळी बाई तिच्यासमोर हात धरायच्या. पहिल्या दिवशी तिला उजव्या डोळ्यानं उजेड आणि अंधार एवढंच कळलं. दुसऱ्या दिवशी तेवढंच. बाईंच्या चेहऱ्यावरून काही समजत नव्हतं आणि विचारायची हिंमत आमच्यात कोणाला नव्हती. मी कुठल्याही देवाला नवस बोललो नाही, कारण कोणत्या तोंडानं बोलणार. तिसऱ्या दिवशी तिनं हात हलतोय म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी बोटं मोजली. तीन होती, ती चार म्हणाली. पाचव्या दिवशी आत्या खाटेशी बसली होती, तेव्हा ती एकदम म्हणाली, आत्याबाई, तुमच्या लुगड्याला कोपऱ्यात ठिगळ हाये. आत्यानं ठिगळ बघितलं, आणि ते हातात धरून ती रडायला लागली. आत्याला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

डावा डोळा गेला तो गेलाच. उजव्याला वाचण्याइतकं, निवडण्याइतकं, माणसाचा चेहरा ओळखण्याइतकं दिसायला लागलं आणि पुढे टिकलं. दवाखान्यातून निघताना आत्यानं ती डबी कमरेची काढून हिच्या ओटीत टाकली. त्यानंतर कोणाच्याही घरी मुलगी बघायला ती गेली नाही. बोलावणी यायची. ती म्हणायची, सुई दुसरीला दिली.

संसार झाला, चांगला झाला. लोकांना वाटेल की या गोष्टीवरून आमच्यात पुढे भांडणं झाली असतील. एकही झालं नाही. तिनं तो विषय उभ्या आयुष्यात काढला नाही. फक्त एक होतं. घरात सुई ओवायची वेळ आली, की ती सुई आणि दोरा घेऊन माझ्यापुढे येऊन उभी राहायची. मी जेवत असो, वह्या तपासत असो, चार माणसांत बसलेलो असो. तोंडातून शब्द नाही, नुसता हात पुढे. मी ओवून द्यायचो. बिचारीला एका डोळ्यानं जमत नाही, असं मी कैक वर्षं धरून चाललो होतो. एकदा शाळेतून लवकर आलो, तर ती माजघरात एकटीच गोधडी शिवत होती. दोरा संपला. तिनं नवा घेतला, जिभेला लावला, आणि आत्याच्या त्या बारीक सुईत पहिल्या झटक्यात ओवला. मी आल्या पावली मागे फिरलो आणि दारात खोकून पुन्हा आत आलो. तिनं सुई बाजूला ठेवली. दुसरी घेतली, दोरा घेतला आणि हात पुढे केला.

आमच्या थोरलीला बघायला मंडळी आली तेव्हा निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईला जुन्या रीती आठवल्या, आणि तिनं पिशवीतून सुई-दोरा काढून थोरलीपुढे धरला. थोरली माझ्याकडे बघायला लागली. तेवढ्यात आतून ही आली. तिनं पाहुण्या बाईच्या हातातून सुई अलगद काढून घेतली, आपल्याजवळची डबी उघडली, आणि आत्याची सुई माझ्या हातात ठेवली.

"आमच्या घरी सुई हेच ओवतात," ती पाहुण्यांना म्हणाली. "ह्यायची परीक्षा घ्या."

मंडळी हसली. मीही हसलो आणि दोरा पुढे केला. एकदा चुकला. दुसऱ्यांदा चुकला. पाहुण्यांतला एक भला माणूस म्हणाला, राहू द्या मास्तर, चहा निवून राह्यलाय.

"निवू द्या," ती म्हणाली. "दोन दिवस लागले तरी थांबू आपण."

कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी दोरा तिसऱ्यांदा ओला केला.